बांधावरचा हुरडा

शनिवारच्या बाजारात माणसं भाजी घ्यायला यायची आणि खातच सुटायची. पहिले काही शनिवार लंकाबाईला त्याची गंमत वाटली. मग ते तिच्या डोक्यात जायला लागलं.

बाई आली की आधी हरभऱ्याची डहाळी उचलायची, घाटे तोडायची, दाणे तोंडात टाकायची आणि मग विचारायची, "कोवळा आहे ना हो?" कोवळा आहे हे तिच्या दातांना कळलेलं असायचं, तरी दुसरी डहाळी उचलायची. बरोबरचं पोर गाजर ओढून कुरतडायचं आणि अर्धं पाटीत परत टाकायचं. एक पेन्शनवाले आजोबा बोरांपाशी उभे राहून गप्पा मारता मारता मूठभर बोरं संपवायचे, बिया लंकाबाईच्याच गोणपाटावर टाकायचे आणि "मागच्या खेपेला जास्त गोड होती," असं सांगून पुढच्या पाटीकडं सरकायचे.

नाशिकच्या एका कॉलनीतलं ते मैदान. कडेनं हिरवी जाळी बांधलेली, फाटकावर मोठा फलक : 'शेतातून थेट ताटात'. एका कोपऱ्यात बचत गटाच्या बायका पिठलं-भाकरी आणि मिसळ विकायच्या. तिथं खुर्च्या मांडलेल्या असत. त्या गिऱ्हाइकांसाठी. विकणारी माणसं पहाटे उपाशीपोटी टेम्पोत बसून आलेली असायची. लंकाबाई भूक लागली की तिथंच पाटीमागं फडकं सोडायची. एकदा ती घास मोडते न मोडते तोच बाजार चालवणारा मनोज आला.

"मावशी, इथं नका भाकर घेऊन बसू. गिऱ्हाइकासमोर बरं दिसत नाही."

"का रं? भाकर खानं म्हंजी चोरीचं काम हाय का?"

"तसं नाही हो. टेम्पोमागं बसा ना जरा. सावली पण आहे."

लंकाबाई टेम्पोमागं गेली. डिझेलच्या वासात बसून तिनं भाकरी खाल्ली आणि इकडं तिच्या पाटीवर लोक उभ्यानं खात राहिले.

ती मनोजला जास्त बोलली नाही. या बाजारात बसायची जागा त्यानंच दिली होती. मनोज तिच्या माहेरच्या गोटीरामचा मुलगा. शिकला, नाशकात राहिला, प्लॉटच्या धंद्यात पडला आणि मग हा बाजार त्यानं चार जणांना घेऊन उभा केला. सिन्नरच्या पूर्वेला, लंकाबाईच्या गावाकडं, त्या वर्षी पाऊस आलाच नव्हता म्हटलं तरी चालेल. विहिरीच्या तळाला जे पाणी होतं त्यावर थोडी मेथी, थोडा हरभरा आणि घरच्या भाकरीपुरता ज्वारीचा एक तुकडा उभा होता. भाजी गावात कोण घेणार? मनोजनं जागा दिली म्हणून हातात काही पडत होतं.

त्याच दिवशी बाजार उठताना मनोज म्हणाला, "मावशी, ज्वारी हुरड्याला आली असेल ना?"

"आली की. पाखरांनी नाकात दम आनलाय."

"उद्या घरची चार माणसं घेऊन येतो. आगटीवरचा हुरडा खाऊन किती वर्षं झाली!"

लंकाबाईचा चेहराच बदलला. "आरं ये की! इचारायचं काय त्यात?"

विचारायचं काही नव्हतंच. गूळभेंडी ज्वारीचा हुरडा हा काही विकायचा माल नव्हे. पौष लागला, कणसात दाणा दुधाचा भरला, की बांधाकडंला खड्डा खणायचा, गोवऱ्या पेटवायच्या, निखाऱ्यात कणसं खुपसायची. ती आगटी. आगटीला बसला तो खाणार. वाटसरू असो, गावचा असो, काल भांडून गेलेला भाऊबंद असो. लंकाबाईच्या सासऱ्यानं कज्जा चाललेल्या माणसालाही बांधावर बसवून हुरडा घातला होता आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच विरुद्ध कोर्टात उभा राहिला होता.

रविवारी सकाळी तिनं आणि सून आशानं विळ्यानं कणसं कापली. दंव पडलेलं, पानांच्या कडांनी हात कापत होते. नवरा धोंडीराम पाखरं राखायच्या माळ्यावर उभा राहून गोफण फिरवत होता. सामाईक बांधापलीकडून तिची थोरली चुलतजाऊ कुसाबाई आली. नवरा जाऊन खूप वर्षं झालेली, पोरगी नांदायला मनमाडला. कुसाबाईची विहीर यंदा दिवाळीआधीच आटली होती, तिच्या वावरात नुसती ढेकळं. ती काही न विचारता आगटीपाशी बसली आणि राखेत हात घालून कणीस उपसलं.

"लंके, हे कच्चं ठेवलंस. गोवऱ्या वल्ल्या हायेत काय गं?"

"बाई, तुमी खाता का तपासता?"

"दोनी करते."

मनोज जीप घेऊन आला. चार म्हणता दहाएक माणसं उतरली. लंकाबाईनं घोंगड्या अंथरल्या. तिळाची चटणी, लसणाची चटणी, गूळ, दही, बोरं, सगळं मांडलं. हुरड्याचं काम सोपं दिसतं, पण ते हाताचं काम आहे. कणीस निखाऱ्यातून काढलं की गरम असतानाच चोळावं लागतं. निवलं की दाणा सुटत नाही. आशा भाजायची, लंकाबाई आणि कुसाबाई चोळायच्या, सुपात पाखडून हिरवेगार दाणे पुढ्यात ओतायच्या. पाहुण्यांनी वाहवा केली. जाताना कणसांची पेंढीसुद्धा बांधून दिली. एका बाईनं लंकाबाईचे हात धरून "किती प्रेमळ आहात हो तुम्ही," असं म्हटलं. त्या रात्री लंकाबाई आनंदात होती. धोंडीराम भाकरी कुस्करता कुस्करता एवढंच म्हणाला, "चार मानसं लय खादाड निघाली."

"पाव्हन्याच्या घासावर डोळा ठिवू नये."

"पाव्हन्याच्या नाय ठिवला. आपल्या ठिवलाय."

पुढच्या रविवारीही पाहुणे आणतो, असं मनोज सांगून गेला होता. त्या रविवारी मिनीबस आली.

धोंडीराम माळ्यावरून बघत राहिला. गोफणीची दोरी त्याच्या हातात तशीच लोंबत होती. बसमधून माणसं उतरतच होती. डोळ्यांवर काळे चष्मे, गळ्यात कॅमेरे. कुणी हात धुवायला पाणी मागितलं, पाणी आणलं तर म्हणे बाटलीचं नाही का? बायकांना आडोसा पाहिजे होता. आशा त्यांना लांबच्या निवडुंगाकडं घेऊन गेली, तिकडून परत येताना एकजण म्हणाली, "काहीतरी सोय करायला पाहिजे होती हो." जणू आशानं करायची होती. दोन तरुण पोरं फोटो काढायला ज्वारीत शिरली. ताटं वाकवून मध्ये बसली, कणसं गालाला लावली. उठली तेव्हा तिथं म्हशी लोळल्यासारखी जागा झालेली.

"ओ दादा," धोंडीराम वरून ओरडला, "ते पीक हाय!"

"हो काका, मस्त आहे!" पोरं खालून म्हणाली.

दुपारपर्यंत लंकाबाईच्या तळहाताचं कातडं निघालं. फोड फुटून त्यात राख गेली. आशाचे डोळे धुरानं लाल झाले होते आणि सकाळपासून तिच्या पोटात एक दाणा गेला नव्हता. सूप रिकामं झालं की लोक टाळ्या वाजवायचे, "मावशी, हुरडा!" मनोज मध्ये फिरत होता. "पोटभर खा, लाजू नका," म्हणत होता. पंगतीत यजमान वाढतो तसं. एका जाड माणसानं चटणी मागितली, संपली म्हणून सांगितल्यावर त्यानं मनोजकडं बघून कपाळाला आठ्या घातल्या. मनोज लगबगीनं आला.

"मावशी, चटणी एवढीशीच केली?"

"आरं पाटाभर केली व्हती."

"पुढच्या वेळी जास्त करा."

पुढच्या वेळी! लंकाबाईच्या ओठांवर शब्द आला होता. पण समोर माणसं खात बसलेली. खाणाऱ्यासमोर बोलायचं नाही, म्हणून तिनं तो गिळला.

बस गेल्यावर धोंडीराम माळ्यावरून उतरला आणि तुकड्यातून चालत गेला. विहिरीकडची बाजू बोडकी झाली होती. उरलेला भाग उशिरा पेरलेला होता, म्हणून अजून हुरड्यात होता. तेवढाच.

"उन्हाळ्यात भाकर कशाची थापनार हायेस?" त्यानं विचारलं.

लंकाबाई सुपातली राख झटकत राहिली.

"पाखरांना गोफन हाय. ह्यांना काय मारू?"

"आवं, बांधावर आलेल्याला ऊठ म्हनू का मी?"

"नको म्हनू. उरल्यासुरल्याला बी बोलव त्यांना."

आशा हळदीचा लेप करून आली आणि सासूच्या हातांना लावू लागली. "आत्याबाई, ह्यातलं एक मानूस तरी आपलं वळखीचं व्हतं का वो?" ती म्हणाली.

शनिवारी ती हाताला चिंध्या बांधून बाजारात बसली. जुडी देताना बोटं वाकत नव्हती. मेथी निवडत असलेल्या एका बाईनं तिच्याकडं निरखून पाहिलं. कॉलनीतल्याच शाळेत शिकवणाऱ्या पल्लवीबाई. दर शनिवारी यायच्या, पाटीतलं काही न खाणाऱ्या त्या एकट्याच.

"अहो, ती हुरडा पार्टी तुमच्याच शेतात होती ना? आम्ही आलो होतो रविवारी."

"व्हय का? लय गर्दी व्हती, धुरात तुमी दिसलाच नाय. गोड लागला ना?"

"हुरडा छानच. पण रागावू नका, एक सांगते. माणशी एवढे पैसे घेता, लहान मुलांचंसुद्धा अर्धं तिकीट लावता, तर निदान प्यायच्या पाण्याची नीट सोय करा."

लंकाबाईला वाटलं, बाई कुणा दुसऱ्याबद्दल बोलतायत. "कोनी घेतले पैसे?"

"म्हणजे काय, मनोजरावांकडे भरले ना आम्ही. तुमच्या शेताचंच नाव सांगितलं त्यांनी."

लंकाबाईनं हातातली जुडी खाली ठेवली. सगळ्यात आधी तिला तो जाड माणूस आठवला, चटणी संपल्यावर आठ्या घालणारा. त्याचं बरोबर होतं की! त्यानं विकत घेतलेली चटणी होती. ती मात्र पाहुणा समजून त्याच्यापुढं वाकत होती. टाळ्या वाजवून हुरडा मागत होते, तेही बरोबरच होतं. हॉटेलातल्या पोऱ्याला टाळी वाजवूनच बोलावतात.

तिनं पाटी तशीच सोडली आणि मिसळीच्या खुर्च्यांकडं गेली. मनोज तिथं दोघा-तिघांबरोबर खात बसला होता.

"मनोज, तू माज्या बांधावर तिकीट लावलंस?"

त्याचा पाव रश्श्यातच राहिला. "मावशी, हळू. नंतर बोलू आपण."

"आत्ता बोल. माज्या आगटीचं तिकीट लावलं का नाय?"

"अहो, गाडीचा खर्च असतो, लोक जमवावे लागतात. मार्केटिंग म्हणतात त्याला. तुमचे काढून ठेवलेत मी. देणारच होतो."

"मी मागितले व्हते का? मी तुला पाव्हना म्हनून बसवला रं! तुजा बाप गोटीराम त्याच बांधावर खाऊन ढेकर देत गेला. त्यानं कंदी तिकीट फाडलं?"

खुर्च्यांवरची माणसं बघायला लागली. मनोज उठला, तिला बाजूला न्यायला हात पुढं केला. तिनं तो झटकला, तशी चिंधीखालची जखम ठणकली.

"तुला ठावं व्हतं," ती म्हणाली. "शहरातल्या मानसाला ठावं नसतं. तुला ठावं व्हतं, लंका बांधावर पैसं मागनार नाय. म्हनून माजाच बांध धरलास."

मनोजचा चेहरा पडला आणि मग कडक झाला. "मावशी, ही जागा मी दिलीय तुम्हाला. बाहेर किती लोक थांबलेत माहितीये? आणि उद्याची गाडी भरलेली आहे. पैसे घेतलेत लोकांचे. उद्या एवढं निभवा, मग काय ते बघू."

लंकाबाई परत आली. बोरांच्या पाटीपाशी पेन्शनवाले आजोबा उभे होते, तोंड हलत होतं.

"थुका ते!" ती ओरडली. "आदी पैसं ठिवा, मग खा!"

आजोबांनी दचकून बी गिळली.

रविवारी बस आली तेव्हा आगटी पेटलेली नव्हती. खड्डा होता, गोवऱ्या रचलेल्या होत्या, आणि वाटेत, बांधाच्या तोंडाशी, लंकाबाई उभी होती. कुडाच्या दारात उभं राहावं तशी. मागं आशा विळा घेऊन. धोंडीराम माळ्यावरच होता, पण आज त्याचं तोंड पाखरांकडं नव्हतं.

"काय झालं? चला, चला," म्हणत मनोज पुढं आला.

"थांब," लंकाबाई म्हणाली आणि त्याच्या खांद्यावरून मागच्या माणसांकडं बघून बोलली, "दादा, बाई, सगळ्यांनी ऐका. ह्यो बांध माजा. ज्वारी माजी. खानार त्यानं माज्या हातात पैसं द्यायचं."

एकच गलका झाला. "आम्ही भरलेत पैसे!" "हा काय प्रकार?" "मुलं सकाळपासून उपाशी आहेत!"

"ज्याला भरलं त्याचं रान बघा मग. त्याची ज्वारी कुटं हाय ते इचारा त्याला. आमी बी येतो खायाला."

माळ्यावरून धोंडीराम मोठ्यानं हसला. माणसं मनोजकडं वळली. एका गृहस्थानं त्याची कॉलर धरली नाही एवढंच. मनोज लंकाबाईजवळ सरकला आणि खालच्या आवाजात बोलू लागला. इतक्या वर्षांत लागलेली नाशकाची भाषा त्याच्या तोंडातून गळून पडली होती.

"मावशे, आब्रू घालवू नको गं. पाया पडतो. आपल्यातच मिटवू."

"आपल्यातलं तू इकलंस."

शेवटी त्यानं खिशात हात घातला. जे होतं ते सगळं तिच्या सुपात टाकलं आणि बसच्या पायरीवर जाऊन बसला. मग आगटी पेटली. हुरडा झाला. पण लंकाबाईनं कुणाला "घ्या अजून" म्हटलं नाही, कुणाला गूळ पुढं केला नाही. वाढलं तेवढं खाऊन माणसं गप्प उठली. जाताना तिचे हात कुणी हातात घेतले नाहीत. मनोज बसमध्ये चढताना म्हणाला, "शनिवारी येऊ नका." ती म्हणाली, "तुज्या दारात कोन येतंय?"

पैसे तिनं धोंडीरामकडं दिले. त्यानं ते टोपीत घातले. बाजारातून ज्वारी विकत आणावीच लागणार होती.

"बरं केलंस," तो म्हणाला.

तिलाही वाटत होतं, बरं केलं. गोटीरामच्या पोरानं आपल्याला खुळी धरलं, आपल्या सुनेला टाळीवर नाचवलं, याचा राग तिच्या अंगात तसाच होता आणि तो तिला हवाच होता. आशानं सकाळपासूनची पहिली मूठ तोंडात टाकली. आगटीत थोडी कणसं उरली होती. घरच्यांची.

बांधापलीकडं कुसाबाई उभी होती. सामाईक बांधाच्या पलीकडच्याच अंगाला. इकडं पाऊल टाकलेलं नव्हतं.

"बाई, आज कुटं व्हता वो? या की."

कुसाबाई आली नाही. पदराची गाठ सोडू लागली. जुनी घट्ट गाठ, तिला ती लवकर सुटेना. दातांनी सोडवली.

"लंके, मानशी कसं लावलंस गं?"

लंकाबाईला वाटलं, थट्टा आहे. कुसाबाईची जीभच तशी. पण तिनं तोंडाकडं पाहिलं. त्या तोंडावर थट्टा नव्हती.

"डोकं फिरलं का काय तुमचं? तुमाला कोन पैसं मागतंय?"

"तसं नाय गं. समदं ऐकू येत व्हतं ना मला. खानार त्यानं पैसं द्यायचं म्हनलीस. म्हनलं, आता तशी पद्धत पडली असंल." कुसाबाईनं हातातली चिल्लर पुढं धरली. "म्हाताऱ्या मानसाला अर्धंच लावशील ना?"

लंकाबाई उठली. बांध ओलांडला, कुसाबाईचा दंड धरला आणि ओढतच तिला आगटीपाशी आणून बसवलं. "ते त्या गाडीवाल्यांना म्हनले मी! तुमाला नाय. तुमाला कसं म्हनंल मी? सासऱ्यापासनं बसता तुमी हितं!"

"व्हय गं. तापू नको."

"मग काढा की कनीस. तुमीच काढा."

कुसाबाईनं पैसे पुन्हा पदरात बांधले. राखेकडं पाहिलं. दर वर्षी विचारल्याशिवाय निखाऱ्यात जाणारा तिचा हात तिनं मांडीखाली घेतला.

"तूच दे," ती म्हणाली. "तू देशील तेवढंच."